निशान गाडी

हस्ताचा पाऊस आत्ता कुठे थांबला होता, आणि वान नदी फुगून गढूळ वाहत होती. काठावर सुहासिनी एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात लसींचा थर्मास धरून उभी होती. संग्रामपूरच्या दवाखान्यात ती नर्स होती. पल्याडच्या गावात बायका लेकरांना घेऊन तिची वाट पाहत बसल्या असतील, हे तिला ठाऊक होतं. थर्मासातला बर्फ वितळत चालला होता, हेही ठाऊक होतं. पण त्या क्षणी तिला खरं म्हणजे कुठेच जायचं नव्हतं. तिथेच ओल्या दगडावर बसावं आणि कुणी काही विचारू नये, एवढंच वाटत होतं. तिशी अजून गाठायची होती, आणि थकवा मात्र कधीचा येऊन बसला होता.

मागून जाडजूड घरघर ऐकू आली. मातकट हिरव्या रंगाची, रुंद नाकाची एक लष्करी गाडी येऊन तिच्याशेजारी थांबली. आतल्या माणसाने मान बाहेर काढली.

"पल्याड जायचं हाय का, सिस्टर?"

"तुमची गाडी जाईल यातून?"

"गाडीचं सोडा, ते जाईन. तुमी बसता का, तेवढं सांगा."

पायरी उंच होती. त्याने गळ्यातला दुपट्टा काढून सीट पुसली आणि ती चढेपर्यंत तोंड फिरवून उगाचच नदीकडे पाहत राहिला. ते तिच्या नजरेतून सुटलं नाही.

गाडी पाण्यात शिरली तशी तिने डोळे गच्च मिटले. पायाखाली पाण्याचा खळखळाट, चाकांखाली घसरणारे दगड…

"डोळे उघडा, सिस्टर. नदी पाह्याची तं अशी मधातूनच पाह्याची."

"मी पाहीन. तुम्ही समोर पाहा!"

तो हसला. गाडी डुलत डुलत पलीकडच्या काठाला लागली. उतरताना ती म्हणाली, "उपकार झाले, भाऊ."

त्याने कपाळाला आठी घातली. "काही भी म्हणा, सिस्टर… भाऊ तेवढं राहू द्या."

त्याचं नाव इंद्रभान. सोनाळ्याकडच्या शेतकरी घरातला. फौजेत ड्रायव्हर होता. एकाहत्तरच्या लढाईत मांडीत लोखंडाचा तुकडा घुसला, तेव्हापासून किंचित लंगडायचा. फौजेतून सुटून आल्यावर त्याने लष्कराच्या लिलावात ही गाडी घेतली. निस्सान नावाच्या जपानी कंपनीच्या बनावटीची, पण जोडलेली जबलपूरच्या सरकारी कारखान्यात. गावकऱ्यांच्या तोंडात ते नाव काही बसलं नाही. ते तिला 'निशान' म्हणायचे आणि त्याला निशानवाला. डोंगराखालच्या मळ्यांतली केळी तो शेगावच्या स्टेशनावर पोचवायचा.

त्या दिवसानंतर तो तिला वाटेत भेटूच लागला. कधी टुनकीच्या फाट्यावर, कधी बाजाराच्या दिवशी दवाखान्यासमोर. प्रत्येक वेळी सांगायचा, "इकडूनच जाऊन राह्यलो होतो." रस्ता कुठलाही असो, तो 'इकडूनच' जात असे. सुहासिनीला हे कळत होतं. पण नको म्हणायला लागणारं बळ तिच्यात उरलं नव्हतं, असं ती स्वतःला सांगायची. नको म्हणायचं मनातही नव्हतं, हे सांगायची नाही.

एकदा उनाड सर आली म्हणून गाडी एका मळ्याच्या कडेला उभी होती. टपावर थेंबांचा ताशा, काचेवरून ओघळणारं पाणी. गप्प बसवेना म्हणून तिने विचारलं, "एवढं पेट्रोल पिते म्हणता, मग घेतलीत कशाला ही?"

"सवय, दुसरं काय. फौजेत हेच चालवली. माझा एक दोस्त हाय, सहदेव, दर्यापूरचा. त्यानं भी घेतली. तिकडं काळी जमीन, पावसात बैलगाडी रुतून बसते. गावातल्या नवऱ्या सासरी जातात त्या सहदेवच्याच गाडीतून. म्हणते, साऱ्या गावाच्या पोरी मीच रडवल्या."

तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. त्याने पाहिलं, पण पाहिलंच नाही असं दाखवलं.

"जबलपुरात एक इंजिनिअर होता, जपानले शिकून आलेला," तो पुढे म्हणाला. "तो सांगे, या कंपनीच्या घराण्यातली पह्यली मोटार तीन जणांच्या मदतीनं बनली. तिघांच्या नावातलं एकेक अक्षर घेतलं, झालं 'डॅट'. मग पुढं एक लहान मोटार काढली. डॅटचं पोरगं म्हणून 'डॅटसन'. पण त्यांच्या भाषेत 'सन' म्हणजे नुकसान! मग लिहिताना एक अक्षर बदललं अन् पोराचा सूर्य केला. इंग्रजीत सूर्यालेही सनच म्हणतात ना."

"आणि म्हणून नुकसान टळलं?"

"टळलं का नाई, मले काय माहीत. पण नाव ठेवताना कोणी एवढा इचार केला, हे मले आवडलं." तो थांबला. काचेवरच्या थेंबांकडे पाहत म्हणाला, "सुहासिनी म्हणजे काय हो?"

"गोड हसणारी."

"अस्सं… मंग तुमच्या बाबाचं नुकसानच झालं म्हणा की."

ती हसली. अगदी मोकळी, मान मागे टाकून. इतक्या दिवसांनी की तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. इंद्रभान मात्र हसला नाही. नुसता पाहत राहिला… आणि मग घाईघाईने त्याने गाडी सुरू केली. पाऊस अजून थांबलाही नव्हता.

पौषातली गोष्ट. डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर शालूबाई नावाची बाई पहाटेपासून अडली होती. सुहासिनी पोचली तेव्हा सूर्य माथ्यावर आला होता. बाळ आडवं होतं, आणि इथे काही होणार नाही हे हात लावताच तिच्या ध्यानात आलं. इंद्रभानने गाडीत मागे गवत पसरलं, वर गोधड्या टाकल्या. मग दगडधोंड्यांच्या वाटेवरून त्याने ती गाडी अशी आणली, जणू तेलाने काठोकाठ भरलेली समई हातात धरून चालला आहे. संग्रामपूर थोडं राहिलं असताना सुहासिनी मागून ओरडली, "थांबवा!"

बाळ वाटेतच फिरलं होतं. कडुनिंबाखाली गाडी उभी राहिली. इंद्रभानने मागचा ताडपत्रीचा पडदा ओढून घेतला आणि तो लांब जाऊन उभा राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. मग एक बारीक, चिडका ट्याहां ऐकू आला.

हात धुवायला सुहासिनी खाली उतरली, तेव्हा तो चाकाला टेकून मातीत बसला होता. दोन्ही हात थरथरत होते.

"पोरगी झाली," ती म्हणाली. "दोघी ठीक आहेत. तुम्हाला काय झालं?"

"काही नाई." त्याने तोंडावरून दुपट्टा फिरवला. "लढाईत अशाच गाडीत जखमी पोरं घालून आणो मी. मांग कण्हणं ऐकू ये. मंग जरा वेळानं काहीच ऐकू ये ना… मी मांग वळून पाहोच ना. नुसता चालवो." त्याने मागच्या पडद्याकडे पाहिलं. "आज पह्यल्यांदा मांगून रडणं ऐकू आलं, अन् मले बरं वाटलं."

सुहासिनी त्याच्यासमोर खाली बसली. आपले ओले हात तिने त्याच्या हातांवर ठेवले. थरथर थांबेपर्यंत काढले नाहीत. आपण एकट्याच दमलेल्या नाही, हे तिला त्या दिवशी कळलं.

आणि नेमका त्याच महिन्यात बदलीचा हुकूम आला. लोणार. तिनेच कधीतरी अर्ज केला होता, कारण तिथे तिचे वडील एकटे होते. भालचंद्रराव, तहसीलीतले निवृत्त कारकून. मुलगी घरी येणार म्हणताच त्यांनी एक स्थळही पाहून ठेवलं. मेहकरचे लक्ष्मीकांत, बिजवर, सरकारी नोकरी, माणूस सालस. सुहासिनीने विचार केला, म्हणून टाकावं हो. नाही म्हटलं की कारणं द्यावी लागतात, रुसवे काढावे लागतात. हो म्हटलं की सगळे गप्प बसतात.

तिचं सामान इंद्रभाननेच लोणारला नेलं. शेगाव, खामगाव, चिखली, मेहकर. अख्खा जिल्हा काचेसमोरून सरकत गेला. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, वाऱ्यावर धूळ. दोघं मिळून दहा वाक्यंही बोलले नसतील.

लोणार जवळ आलं तेव्हा तो म्हणाला, "उद्या गाडी खामगावच्या माणिकरावले देऊन राह्यलो. इकली."

"का?"

"पेट्रोल परवडत नाई. उत्तमराव, माझा मोठा भाऊ, म्हणते का त्या पैशात इहिरीवर इंजिन बसवू. बरोबर हाय त्याचं." जरा वेळाने तो म्हणाला, "अन् आता तिकडं नदीपार कोणाले न्याचं?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. काहीतरी बोल, ती मनात म्हणत होती… तू बोल. तोही बहुधा तेच म्हणत असावा. ट्रंक ओसरीवर ठेवून, भालचंद्ररावांना रामराम करून तो निघून गेला. वळणापलीकडे घरघर ऐकू येईनाशी झाली तरी ती दारातच उभी होती.

संक्रांतीनंतर लक्ष्मीकांत पाहायला आले. पोहे झाले, चहा झाला. ते हळू आवाजात म्हणाले, "तुमची नोकरी तुम्ही करा, माझी हरकत नाही." खरंच भला माणूस होता. सुहासिनीच्या जिभेवर 'हो' आलं होतं. तेवढ्यात तिला वाटलं, या भल्या माणसाने तरी असं हो का पदरात घ्यावं, जे नुसत्या कंटाळ्यातून आलंय?

"नाही," ती म्हणाली. "तुमच्यात काही उणं नाही. पण माझं मन दुसरीकडे आहे."

पाहुणे गेल्यावर भालचंद्रराव कडाडले. "कुठे आहे मन? कोण आहे?"

"इंद्रभान. माझं सामान घेऊन आले होते ते."

"तो ड्रायव्हर? आपल्यातला तरी आहे का?"

"नाही, बाबा."

त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. घर गप्प झालं. पण त्या गप्पपणातही सुहासिनीला गाढ झोप लागू लागली, याचं तिचं तिलाच नवल वाटे. फक्त ज्याच्यासाठी एवढं केलं, त्याचा पत्ताच नव्हता. तो येईल असं त्याने कधी म्हटलंही नव्हतं.

उन्हं तापायला लागली होती तेव्हाची गोष्ट. लोणारच्या दवाखान्यात खोकल्याच्या, तापाच्या रोग्यांची रांग लागली होती. औषधं देता देता तिची नजर व्हरांड्यातल्या बाकाकडे गेली. रोग्यांच्या ओळीत, भिंतीला डोकं टेकून, तोंड अर्धवट उघडं टाकून इंद्रभान झोपला होता. अंगावर धुळीचा थर. कुशीत केळ्यांचा घड.

तिने त्याला उठवलं नाही. एकेक माणूस तपासून होईपर्यंत ती मान खाली घालून काम करत राहिली. चित्त मात्र ठिकाणावर नव्हतं. एका म्हाताऱ्याला तिने एकच गोळी दोनदा समजावून सांगितली. शेवटचा रोगी गेला तेव्हा ती बाकासमोर जाऊन उभी राहिली.

"काय होतंय?"

तो दचकून उठला. आधी केळ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "काही नाई… म्हणजे, काही होत नाई मले."

"मग रांगेत कशाला बसलात?"

"गाडी व्हती तवा बरं व्हतं, सिस्टर. इकडूनच जाऊन राह्यलो म्हणता ये." त्याने मान खाली घातली. "आता बसनं आलो. शेगावले बदला, खामगावले बदला, मेहकरले बदला. आता कसं म्हणू इकडूनच जाऊन राह्यलो? म्हणून इतके दिवस आलो नाई. मंग वाटलं, सरळच सांगाव. तुमालेच भेटाले आलो. दुसरं काही काम नाई."

"इतकंच?"

"नाई… लगन कराल का माझ्यासंगं? इचारून टाकतो. आता इहिरीवरचं इंजिन हाय, अन् मी हाय."

सुहासिनीचे डोळे भरून आले, आणि त्यातच तिला हसूही आलं. "बाबा नाही म्हणतील."

"म्हणू द्या. पुन्हा येईन."

"पुन्हा तीन ठिकाणी बदलून?"

"बस भरली तं टपावर बसून."

ती त्याच्या शेजारी बाकावर बसली. व्हरांड्यात आता कुणी नव्हतं. तिने हळूच डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. धुळीचा आणि पिकलेल्या केळ्यांचा वास आला. तो श्वास रोखून बसला, हलला म्हणजे ती उठेल की काय अशा बेताने.

"आपण जरा वेळ बसू या असंच," ती डोळे मिटून म्हणाली. "मग घरी जाऊ. बाबांना एकदाच काय ते बोलून घेऊ दे. आणि आज चहा त्यांनाच ठेवायला सांगते. मला उठवत नाही."

"मी ठेवीन ना च्या," इंद्रभान म्हणाला. "फौजेत शिकलो."

"बरं," सुहासिनी म्हणाली. "मग मी नुसती बसते."