पौषातलं गरम पाणी

सोमवारी सकाळी सहा वाजता नाशिकच्या अनुराधा सोसायटीतल्या सगळ्या नळांना गार पाणी आलं आणि लिफ्ट चौथ्या मजल्याजवळ अडकली. आत सोसायटीचे सचिव मधुसूदन गायधनी होते. रहिवाशांनी त्यांना बाहेर काढलं, पण आधी मनसोक्त बोलून घेतलं.

कारणही तसंच होतं. वैशाखात गायधनींच्याच आग्रहावरून सगळ्यांनी आपापले गिझर भंगारात दिले होते. तळघरात एका विवाहजुळणी कंपनीचं संगणककेंद्र आलं होतं. ते नुसते गुण जुळवत नसे. दोघांचा पुढचा सगळा संसार, भांडणांसकट, गणितात चालवून बघे. त्यात यंत्रं तापत. ही वाया जाणारी उष्णता कमी तापमानालाच उकळणाऱ्या एका द्रवाला दिली जाई. त्याच्या वाफेवर छोटं जनित्र फिरे आणि लिफ्ट, जिन्यातले दिवे चालत. उरलेल्या उष्णतेवर आंघोळीचं पाणी तापे. एकाच उष्णतेतून वीज आणि गरम पाणी, या सहनिर्मितीचं गायधनींना भारी कौतुक. लग्नसराईत पाणी इतकं कढत येई, की बादलीत विसण घालावं लागे.

"पौषात कोण स्थळं बघतं, काका?" केंद्राची अभियंता तेजल बोरस्ते म्हणाली. "यंत्रं रिकामी बसलीत."

तिसऱ्या मजल्यावरच्या निर्मला क्षेमकल्याणी निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. पंचांग घरोघरी असताना हे सचिवांना सुचू नये, याचं त्यांना नवल वाटलं. रविवारच्या सभेत राजीनामा द्या, असं त्यांनी जिन्यातच सुनावलं. पत्नी गेल्यापासून सचिवपद हाच गायधनींचा संसार होता. ते हादरले.

तोडगा त्यांनीच काढला. यंत्रांना काम हवं ना? मग इमारतीतल्या सगळ्या एकट्या माणसांनी नावं नोंदवायची. तेजलनं एक अट सांगितली: दोन्हीकडून होकार आला, की त्या दोघांचं गणित बंद आणि तेवढी उष्णताही बंद. म्हणून मंगळवारी तातडीच्या बैठकीत ठराव झाला, की पौष संपेपर्यंत कुणीही कुणाला होकार द्यायचा नाही. सूचक गायधनी. निर्मलाबाईंनी नाक मुरडत नाव दिलं; गुडघ्यांना शेक हवा होता.

बुधवारी पाणी कोमट आलं. गुरुवारी अचानक कढत आलं आणि लिफ्टही सुरू झाली. गायधनी विजयी मुद्रेनं तळघरात गेले.

"बाकीच्यांची गणितं लगेच उरकतात," तेजल पडद्याकडे बघत म्हणाली. "एकच जोडी संपत नाही. प्रत्येक गोष्टीवर वाद, तरी वेगळी होत नाही. निम्मी इमारत त्यांच्यावर चाललीय."

"कोण हो हे भाग्यवान?"

"तुम्ही आणि निर्मलाकाकू. यंत्र म्हणतंय, याहून चांगलं स्थळ दोघांनाही मिळणार नाही. निरोप दोघांना गेलाय."

गायधनी लिफ्ट सोडून जिन्यानं चढले. तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. निर्मलाबाईंनी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि त्यात आलं कमी पडलं असं ते म्हणाले तेव्हा, तुम्हाला चव कळते कुठे, असं विचारलं. तरी दुसरा कपही झाला.

निघताना त्या म्हणाल्या, "ठराव तुमचा आहे. मी ठरावाला बांधील नाही, विरोधात मत दिलं होतं."

शनिवारी सायंकाळी निर्मलाबाईंचा होकार केंद्रात नोंदला गेला. गायधनींच्या उत्तराची मुदत रविवारी सकाळपर्यंत आहे. सभा त्यानंतर लगेच. हवामान खात्यानं आणखी थंडीचा इशारा दिला आहे. या क्षणी पाणी गरम आहे.