थोरलीची ओटी

माझे वडील देवी डॉक्टर होते. म्हणजे देवीची लस टोचत सायकलवरून गावोगाव हिंडणारे साधे सरकारी नोकर. पण हातकणंगल्याच्या बाजूला त्यांना दुसरं नाव नव्हतं. 'देवी डॉक्टर आला' अशी हाळी उठली की पोरं उसात पळायची. पुढं तो रोग जगातून गेला, वडील निवृत्त झाले, तरी दंडावरच्या त्या गोल खुणेला लोक देवीच म्हणत राहिले. वडील हसायचे. म्हणायचे, "रोग गेला, पण बाई नावानं राहिलीच की."

नावांत दडलेले देव हुडकायची खोड मला त्यांच्यामुळंच लागली. राजारामपुरीत माझं लहानसं हॉस्पिटल आहे. खाली माझी खोली, वर आयसीयूच्या मोजक्या खाटा, समोर कोचिंग क्लास आणि त्याच्या दारात दिवसभर मोपेडींची गर्दी. दुपारच्या चहाला मी सिस्टरांना गोष्टी सांगते. मॉर्फीन हे नाव स्वप्नांच्या ग्रीक देवावरून आलं. हायजीनच्या नावानं आपण फिनेल ओततो, तीही ग्रीकांची आरोग्याची देवी. आपले तर आठवड्याचे सातही वार ग्रहदेवांचे. शनीचं नाव न घेता कुणाला सुट्टीचा बेत तरी करता येतो का? कशिश नावाची माझी मुख्य सिस्टर कपाळाला हात लावून म्हणते, "मॅडम, आपण गोळ्या देतो का प्रसाद वाटतो?"

एक गोष्ट मात्र मी कधी सांगितली नव्हती. ती अॅट्रोपीनची. ग्रीकांच्या तीन बहिणी होत्या. एक माणसाच्या आयुष्याचा दोरा कातते, दुसरी मापते आणि थोरली कापते. थोरलीचं नाव अॅट्रोपॉस. धोतऱ्याच्या भाऊबंदांतल्या एका विषारी झाडाला कुण्या शास्त्रज्ञानं तिचं नाव दिलं आणि झाडावरून ते औषधाला आलं. हे औषध माणसं वाचवतं, ही त्यातली गंमत. पण आयसीयूत कातरीची गोष्ट कशाला, म्हणून मी ती पोटातच ठेवली होती.

आणखी एक पथ्य आम्ही पाळतो. घरी जाणाऱ्या पेशंटला 'परत या' म्हणायचं नाही. आपल्या जिभेला ते वळणच पडलेलं असतं. दारातून माणूस निघाला की तोंडातून 'या हं परत' जातंच. काउंटरवरच्या एका नव्या मुलीनं तसं म्हटलं, तर पेशंटचा बाप जिन्यातून ओरडला होता, "का गं बाई, तुझं काय घोडं मारलंय आमी?" तेव्हापासून मी सगळ्यांना सक्त ताकीद दिलेली आहे.

कृष्णातला आणला तो मार्गशीर्षातला दिवस होता. हुपरीच्या अलीकडच्या एका वस्तीवरून त्याला टेम्पोत घालून आणलं. जेवणाची वेळ टळून गेली होती. तिशीच्या आतला गडी, तोंडाला फेस, अंग घामानं निथळतंय, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. फ्लॉवरवर किडीचं औषध मारताना पाठीवरचा पंप गळला होता आणि सगळी पाठ त्या औषधानं भिजली होती. त्याची आई बनाबाई कापडी पिशवी छातीशी धरून दारात उभी होती.

"म्याडम, आज नातीची पाचवी हाय," ती म्हणाली. "सुनंच्या म्हायेरी निगालतो. तेवढं दोन पंप मारून येतो म्हनला. तोंडाला फडकं बांद म्हटलं, तर ऐकतोय कुटं."

"होईल बरा. तुम्ही बाहेर बसा."

ती हलली नाही. "आज सटवाई लिवायला येनार. पोरीच्या कपाळावर बापाचं काय लिवंल वो ती?"

मी आत गेले आणि अॅट्रोपीन चालू केलं.

हे औषध मोजून थांबवायचं नसतं. छाती कोरडी होईपर्यंत द्यायचं, पुन्हा द्यायचं. ऊन खिडकीतून उतरायला लागलं तेव्हा कृष्णातची छाती मोकळी झाली, नाडी वर आली, बाहुल्या मोठ्या झाल्या. कशिशनं सुस्कारा सोडला. मग तो बडबडायला लागला आणि हवेत बोटं चालवायला लागला. त्यातही नवल नव्हतं. या औषधाची मात्रा चढली की माणूस असाच न दिसणारे दोरे वेचतो; आमच्या पुस्तकात तसं लिहिलेलंच आहे.

तो छातीवरून काहीतरी उचलून बोटांना गुंडाळत होता. नीट, एकेक वेढा देत, पतंगाचा मांजा गुंडाळावा तसा.

"काय करताय, कृष्णात?" मी विचारलं.

"दोरा गोळा करतोय. लई सांडलाय."

"कुणाचा?"

"माजाच की."

कशिश हसली, पण अर्धवटच. त्यानं मान वळवून कोपऱ्यातल्या स्टीलच्या स्टुलाकडं पाहिलं. स्टूल रिकामा होता. नातेवाइकांसाठी ठेवलेला, एक पाय आखूड असल्यानं डुगडुगणारा.

"त्या म्हातारीला पानी द्या," तो म्हणाला. "कवाधरनं बसलीया."

"देते हं," कशिश म्हणाली आणि तिनं सलाइनकडं तोंड फिरवलं.

मी त्याची नाडी धरून उभी होते. त्याचा हात गरम आणि कोरडा ठणठणीत होता. आवाज मात्र शुद्धीतल्या माणसाचा वाटला.

"तिगी आल्यात्या. दोगी गेल्या, पोरीच्या पाचवीला. थोरली हितंच ऱ्हायली."

मी कशिशकडं पाहिलं. "तू कुठं वाचून याच्यासमोर काही बोललीस? तीन बहिणींचं?"

"कुठल्या बहिणी, मॅडम?"

"काही नाही."

असतं एखाद्याच्या डोक्यात, मी स्वतःला सांगितलं. सटवाईच्या गोष्टी ऐकतच वाढलेला माणूस. तिघी काय, पाण्यातल्या साती आसराही दिसतील. मी वाकून त्याची छाती ऐकली. नळी कानात होती, तरी तिच्यातून कुठून तरी स्टुलाचा आखूड पाय फरशीवर टेकल्याचा आवाज आला. टक. थोड्या वेळानं पुन्हा, टक. कुणीतरी बसल्याजागी अवघडून कूस बदलावी तसा.

"मॅडम, कातर कुठं ठेवलीत?" कशिशनं विचारलं. हातात पट्टी धरून ती ट्रे उलथापालथा करत होती. "आत्ता हितं होती."

त्या कातरीच्या मुठीला कशिशनंच निळी चिकटपट्टी गुंडाळली होती, दुसऱ्या वॉर्डात जाऊ नये म्हणून. आम्ही खाटेखाली पाहिलं, गादीखाली पाहिलं. कातर नव्हती.

आणि त्याच वेळी कृष्णातची छाती पुन्हा भरायला लागली. या विषाचं असं असतं. सोडलं म्हणता म्हणता उलटून धरतं. घाम फुटला. नाडी पडायला लागली. मी इंजेक्शन भरलं, दिलं. आणखी भरलं. कशिशनं खोका हलवून पाहिला.

"शेवटची होती, मॅडम. खालचीबी संपलीत. दुकानवाल्यानं माणूस पाठवलाय, पण शाहूपुरीत अडकलाय. मिरवणूक हाय म्हणं कसलीतरी."

मॉनिटरवरच्या उड्या लांब लांब पडायला लागल्या. कृष्णातचे हात उशीवर पडले होते. त्याच्या बोटांनी गुंडाळलेलं सुटत असावं, कारण तो ते धरायला बघत होता आणि त्याला जमत नव्हतं.

"काय म्हणतीय म्हातारी?" मी विचारलं. असं विचारताना मला काय वाटलं हे मी आजही सांगू शकत नाही.

त्याचे ओठ हलले. मी कान लावला.

"सांज झाली म्हनती. पर रिकाम्या हातानं कशी जाऊ."

मी दार उघडून बाहेर गेले. बनाबाई भिंतीला टेकून बसली होती.

"पिशवीत काय आहे?"

"पाचवीचं."

"द्या."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. पिशवी दिली.

हिरवा खण होता. नारळ, तांदूळ, हळदीकुंकवाच्या पुड्या. मी डॉक्टर आहे. सलाइनच्या खाटेशेजारी, एका रिकाम्या स्टुलासमोर मी डोक्यावर पदर घेतला.

हळदीकुंकू कुठं लावायचं ते कळेना. अंदाजानं हवेत बोट नेलं.

बोट टेकलं.

गार होतं. सुरकुतलेलं होतं.

मी खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. शेवटी एवढंच म्हणाले, "आई, याची पोर पाच दिवसांची आहे. एवढी ओटी घ्या."

मागं मॉनिटर वाजला. मग पुन्हा वाजला. लवकर वाजला.

"मॅडम," कशिश पुटपुटली. "मॅडम, नाडी चढतीया."

मला रडू आलं. खरंच, लहान मुलीसारखं रडू आलं. स्टूल डुगडुगला, आखूड पाय उचलला गेला आणि फरशीवर टेकला. माझ्या शेजारून जुन्या लुगड्याचा, तेलवातीचा वास गेला. मी भरून पावले होते, हात जोडलेले होते, आणि दारातून निघालेल्या माणसाला जे म्हणतात तेच मी म्हणाले.

"या हं परत."

कशिशनं तोंडावर हात दाबला.

दुकानाचा माणूस खोका घेऊन आला तेव्हा कृष्णातला त्याची फारशी गरज उरली नव्हती. स्टुलावर नारळ होता, तांदूळ होते. खण नव्हता. पुढं कृष्णात घरी निघाला, बनाबाई माझ्या पायांवर डोकं ठेवायला लागली, तेव्हा मी तिला धरून उठवलं. म्हटलं, माझे नका मानू उपकार.

"मग कुनाचं मानू?"

मी तिला अॅट्रोपॉसचं नाव सांगितलं नाही. ती नि सटवाई एकच का, की बहिणी, की कुणी नावं वाटून घेतली, मला माहीत नाही. माणसं आपल्या आपल्या भाषेत एखाद्या बाटलीला, एखाद्या रोगाला, एखाद्या वाराला नाव देऊन बसतात, आणि ज्याचं नाव ते ऐकत असतं, एवढंच मला त्या दिवसापासून वाटतं. मनापासून आभार मानते मी. इंजेक्शन भरताना हल्ली बाटलीवरचं नाव मनातल्या मनात वाचते आणि मान लववते. कशिश बघते, पण आता चेष्टा करत नाही.

चैत्रात ते तिघं, मायलेक आणि पोर, पेढे घेऊन आले. कृष्णात चांगला भरला होता. पोरीचं नाव त्यांनी संयोगिता ठेवलंय. बापाच्या मांडीवर बसून ती माझ्या खुर्चीमागं टक लावून बघत होती आणि बोळकं पसरून हसत होती.

"सटवाई हसवतीया तिला," बनाबाई कौतुकानं म्हणाली.

ते उठले. मी 'नीट जा' म्हणाले, दुसरं काही नाही. दार लागलं. मग मी खुर्ची फिरवली.

माझ्या खुर्चीमागं वरच्या आयसीयूतला तो स्टीलचा स्टूल होता. त्यावर हिरवा खण पसरलेला. खणावर निळ्या मुठीची कातर, पाती उघडी, आणि पात्यांच्या मधोमध एक पांढरा दोरा. त्याचं एक टोक खणात गुंडाळलेलं होतं. दुसरं कुठं जातं म्हणून मी पाहत गेले, तर ते माझ्या कोटाच्या बाहीत शिरत होतं.

तिनं तो कापलेला नव्हता. त्याबद्दलही मी तिची आभारीच आहे.