शववाहिनीला कोणी चिकटत नाही

अठरा वर्षं मी शववाहिनी चालवतोय, त्यामुळे हे खात्रीने सांगतो: माझ्या गाडीला मागून कोणी चिकटत नाही. इतरांच्या मागे लोक असे लागतात, जणू पुढच्याच्या डिकीत यांचंच काहीतरी राहून गेलंय. माझ्यामागे मात्र चार-पाच गाड्यांची जागा कायम मोकळी असते. हॉर्नसुद्धा वाजत नाही. जिवंतपणी रस्त्यावर न मिळालेला मान माझ्या प्रवाशाला शेवटी एकदा मिळतो. बसा जरा जवळ, मोठ्याने सांगण्यासारखी गोष्ट नाही ही.

त्या दिवशी दुपारी चारला शवागारातून एकाला घरी पोचवायचं होतं. चाळिशीचा माणूस. दोन दिवसांपूर्वी बोगद्यात बंद पडलेल्या ट्रकवर मागून आदळला होता. त्याचा भाऊ तयारीसाठी पुढे गेलेला, म्हणून मयताची बायको एकटीच माझ्या शेजारी केबिनमध्ये बसली. घर बोगद्यापलीकडे होतं आणि दुसरा रस्ता नव्हता.

"पट्टा लावून घ्या, ताई," मी म्हणालो आणि माझा लावला. माझ्या पोटापायी पट्टा पार शेवटच्या इंचापर्यंत ओढावा लागतो. एरवी लोक हसतात. बाई बघत राहिल्या फक्त.

रस्ता गाड्यांनी भरलेला होता. मी कडेच्या लेनमध्ये, चाळीसच्या वेगाने. पुढे सिमेंटचा ट्रक होता. तो एखाद्या खांबापाशी पोचला की मी मोजायला लागतो आणि चार झाल्याशिवाय माझी गाडी त्या खांबाशी पोचू देत नाही. माझ्या वस्तादाने लावलेली सवय आहे, झोपेतसुद्धा सुटणार नाही.

"काय पुटपुटताय, दादा?"

मी सांगितलं. त्यांनी ट्रकपर्यंतचं अंतर नजरेने मापलं.

"ह्यांना एकापर्यंत मोजायचा धीर नव्हता," त्या मग म्हणाल्या. "पुढच्या गाडीला अगदी टेकायचे आणि दिवे मारत राहायचे. पंधरा वर्षं मी दारावरचं हँडल धरून बसले. परवा बोगद्याच्या अलीकडे पहिल्यांदा म्हटलं, थांबवा, मला उतरायचंय. म्हणाले, उतर. मी पट्टा काढला आणि उतरले. पाच मिनिटांत..."

"बरं केलंत."

"सासूबाई म्हणतात, तू शेजारी असतीस तर तो सावकाश गेला असता."

माझं डोकंच फिरलं. मयताच्या घरच्यांशी वाद घालायचा नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. तरी बोललोच. "पंधरा वर्षं होतात की शेजारी. तेव्हा किती सावकाश गेले?"

त्यांनी डोळे पुसले. तेवढ्यात बोगदा आला.

बाहेर लख्ख ऊन असलं तरी त्या बोगद्यात शिरलं की विहिरीत उतरल्यासारखं वाटतं. ओल्या सिमेंटचा आणि डिझेलचा वास. गाड्यांची घरघर भिंतींवरून परत येते, त्यामुळे आवाज आपला कुठला आणि दुसऱ्याचा कुठला ते कळत नाही. निम्मे दिवे बंद होते. मी मोजत होतो. एक... दोन...

आणि केबिनमध्ये उजेड पडला.

मागच्या दाराच्या धुरकट काचेतून, मयतावरच्या चादरीवरून, आमच्या पाठीमागच्या सरकत्या खिडकीतून तो उजेड थेट समोरच्या काचेवर आला. म्हणजे कोणीतरी मागे अगदी हातभर अंतरावर होतं. दिवे लागत होते, विझत होते, लागत होते.

"दादा..." बाई समोरच्या काचेकडे बघत होत्या. "एक दिवा पांढरा आहे. एक पिवळट."

"मग?"

"ह्यांच्या गाडीचे तसेच होते. एक ह्यांनी स्वतः बदललेला..."

मी उजवीकडचा आरसा बघितला, डावीकडचा बघितला. बोगद्याच्या भिंतीवर दोन रंगांचा उजेड सरकत होता. गाडी दिसत नव्हती.

घाईतल्या माणसाला वाट द्यायची मला सवय आहे. मी इंडिकेटर दिला, खिडकीतून हात काढून पुढे जा म्हणून खूण केली. शेजारची लेन मोकळी होती. तो गेला नाही. उलट मागून टक्क असा आवाज आला. हलकाच, दारावर बोटाने मारावं तसा. मग जमिनीला खिट्टीने जखडलेलं स्ट्रेचर करकरत पुढे सरकलं आणि आमच्या पाठीला येऊन टेकलं.

अठरा वर्षांत केली नव्हती ती चूक मी तेव्हा केली. घाबरून ॲक्सिलरेटर दाबला. पन्नास. साठ. सिमेंटच्या ट्रकचे लाल दिवे झपाट्याने मोठे व्हायला लागले, आणि मला कळलं, त्याला पुढे जायचंच नव्हतं. त्याला आम्हाला ट्रकवर घालायचं होतं. शेजारची सीट रिकामी ठेवून गेला होता ना तो, ती आता भरायची होती.

"एक," बाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मोजा, दादा. दोन..."

माझा पाय आपोआप वर आला. बाईंनी मान वळवून पाठीमागची खिडकी सरकवली. आत फिनेलचा वास होता आणि डोळे दिपवणारा उजेड. त्या चादरीकडे बघून अगदी हळू आवाजात बोलल्या, पण त्यात विनवणी अजिबात नव्हती.

"अहो, ऐका. मी उतरले ते बरोबरच केलं. पुन्हा बसणार नाही. घाई तुम्हाला आहे, तुम्ही जा."

टक्क. टक्क.

"आता तीसच्या वर जाणार नाही," मी म्हणालो. मला खरं तर रडू येत होतं आणि रागही तेवढाच आला होता. "कितीही दिवे मार. ही माझी गाडी आहे. इथे मी म्हणेन तो वेग."

आम्ही दोघं मोजत राहिलो. तीन. चार. पुन्हा एक. ट्रक लांब गेला. उजेड इतका वाढला की स्टिअरिंगवरचे माझे हात मला पांढरेफटक दिसले. मग ऊन लागलं. बोगदा संपला होता. मागे शंभर पावलं रस्ता मोकळा, आणि त्यामागे अदबीने येणाऱ्या गाड्यांची रांग.

बाई घरी उतरल्या तेव्हा सासूबाईंनी तोंड उघडलं होतं. "मी उतरले म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे," एवढंच त्या म्हणाल्या आणि ताठ मानेने आत गेल्या. मला फार बरं वाटलं.

इथेच संपलं असतं. पण शवागाराच्या मागच्या आवारात अपघातातल्या गाड्या आणून टाकतात. दुसऱ्या दिवशी मी त्याची गाडी शोधून काढली. पुढचा भाग पार चेपलेला, दोन्ही दिव्यांच्या जागी नुसती भोकं. शेजारची सीट मात्र शाबूत होती आणि तिचा पट्टा लावलेला होता. रिकाम्या सीटवर, एखाद्या बारीक बाईच्या अंगाला बसेल एवढा आवळून. बाई तर तो काढून उतरल्या होत्या.

मी तो काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलेला होता. पुन्हा काढला. महिनाभर हेच चाललं. पहारेकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, त्या गाडीजवळ कोणी जात नाही, फक्त तुम्हीच.

आज सकाळीही गेलो होतो. पट्टा लावलेलाच होता, पण आज सैल होता. पार शेवटच्या इंचापर्यंत ओढलेला. बाईंना एवढा लागणार नाही.

मी तो काढला. मग माझ्या गाडीत येऊन बसलो, माझा पट्टा लावला, आणि चारपर्यंत मोजून, सावकाश बोगद्याकडे निघालो.