फुली सोडून उभा

"नुसता उभा राहून मी जेवढ्या माणसांना घाम फोडलाय, तेवढ्यांना उन्हाळ्यानंही फोडला नसेल," असं खांबमामा छाती काढून सांगायचे. आणि समोरचा मान डोलवायच्या आत स्वतःच पुढे जोडायचे, "घरात मात्र उभा राहिलो की हातात पिशवी येते. भाजी आणा म्हणून."

धंदाच तसा होता त्यांचा. भुताच्या सिनेमात नायिका आरशासमोर केस विंचरत असते आणि तिच्या मागे, अर्धवट उघड्या दारात, कुणीतरी असतं. ओरडत नाही, दात विचकत नाही, हात पुढे करत नाही. असतं, एवढंच. ते असणं म्हणजे खांबमामा. शेवटी नावं सरकायला लागतात तेव्हा लोक पायानं चपला चाचपडत असतात, त्यामुळे त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळा अर्ध्यात सुटली, पण त्याआधी मास्तरांनी बाकावर उभं राहण्याची जी तालीम करून घेतली तिच्यावरच आपलं पोट भरलं, असं ते मोठ्या आदरानं सांगत.

कपडेपट मामीकडे होता. मामी म्हणजे त्यांची बायको. डोक्यापासून जमिनीपर्यंत राखाडी कापड आणि तोंडावर बारीक जाळी, असा तो भुताचा पोशाख तिनंच शिवलेला. ती त्याला अंगरखा म्हणायची, मामा झूल म्हणायचे. कापड कमी पडलं तेव्हा तिनं आतून घरचा जुना पडदा जोडला होता, फुलाफुलांचा. "वरून मढं, आतून बाग," मामा म्हणायचे.

भुताचे पाय दिसले की भूत मेलं, हा मामीचा नियम. किनार जमिनीला टेकली पाहिजे, पण लोळता कामा नये. जुन्या इमारतींची जमीन इथे उंच तर तिथे खोलगट, म्हणून किनार घरून शिवून आणून भागत नसे. भूत जिथे उभं राहणार तिथे दिवेवाला फरशीवर चिकटपट्टीची फुली मारायचा. मामा फुलीवर उभे राहायचे आणि मामी तोंडात टाचण्या धरून, गुडघ्यांवर त्यांच्याभोवती फिरत, तिथल्या तिथे किनार टाचायची. तेवढा वेळ बाकीचे सगळे चहाला. कारण बघणारं कुणी असलं की मामांना चेव यायचा. पायाचा अंगठाच नाचवतील, मामीच्या अंबाड्यात खडूच खोचतील. एकदा तर टाचणी टोचल्याचं सोंग करून असे आडवे झाले की दिग्दर्शकबाईंनी डॉक्टरला फोन लावला.

या दिग्दर्शकबाई म्हणजे मामांच्या भाचीच्या वयाची मुलगी. भयंकर शिकलेली आणि मनानं भाबडी. त्या दिवशी सकाळी तिनं मामांना विचारलं, "मामा, तुम्ही काहीच करत नाही, तरी लोक एवढे का घाबरतात?"

"बाई, जो दात काढून अंगावर येतो त्याचं मनातलं कळतं," मामा म्हणाले. "चावणार. मग पळायचं का झोडायचं, एवढंच ठरवायचं राहतं. पण जो नुसता उभा आहे, त्याला विचारावं लागतं, बाबा रे, तुला काय पाहिजे? तो सांगत नाही. मग माणूस आपणच त्याच्या वतीनं सांगायला लागतो. आणि माणसाच्या मनात काय कमी कचरा असतो? मी काही आणत नाही. प्रेक्षक आपापला डबा घरून आणतात, मी नुसतं झाकण उघडतो."

"जन्मात कधी गप्प न बसलेला माणूस हे सांगतोय," मामी सुईत दोरा ओवत म्हणाली.

"हिला तेवढं भ्यायला येत नाही," मामा बाईंना म्हणाले. "हिचा डबाच रिकामा."

"मी शिवलेल्याला मीच भिऊ?" मामी म्हणाली.

झालं. मामांच्या डोक्यात किडा वळवळला. आज हिला घाबरवायचंच. एकदा, फक्त एकदा, हिच्या हातून टाचण्यांची डबी पडलेली बघायची.

चित्रीकरण एका बंद पडलेल्या दवाखान्यात चाललं होतं. रुग्णांची लांबलचक खोली, खाटा केव्हाच उचललेल्या, भिंतीवर त्यांच्या डोक्याकडचे तेलकट डाग ओळीनं राहिलेले. बाहेर लख्ख दुपार होती, पण सिनेमातली रात्र म्हणून सगळ्या खिडक्यांना काळं कापड ठोकलं होतं. आत फिनेलचा शिळा वास, ओल्या लाकडाचा वास आणि दिव्यांनी तापलेल्या धुळीचा वास. खोलीच्या मध्यावर फुली. तिच्यावर एकच मंद दिवा लावून दिवेवाला खोकत खोकत बाहेर गेला आणि त्याच्या मागोमाग सगळे चहाला गेले.

मामा झूल चढवून कोपऱ्यातल्या कोठीत शिरले. पूर्वी चादरी ठेवायची ती जागा. दार बोटभर उघडं ठेवलं. बेत साधा होता. मामी येईल, फुलीवर कुणी नाही असं बघेल, हाका मारेल, चिडेल, पाठ फिरवेल, आणि मग तिच्या मागे आवाज न करता जाऊन उभं राहायचं. ती वळेपर्यंत नुसतं उभं.

मामी आली. हातात डबी, तोंडात टाचण्या. फुलीकडे तिनं बघितलं. मग नजर पुढे नेली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. ती फुली ओलांडून सरळ चालत खोलीच्या पार टोकाला गेली, शेवटच्या खिडकीपाशी.

"फुली तिकडे आहे," टाचण्या हातावर घेत ती म्हणाली. "इथे कुठे कडमडलात?"

मामांनी फटीला डोळा लावला. शेवटच्या खिडकीखाली, काळ्या कापडाला पाठ करून, राखाडी झूल उभी होती. डोक्यापासून जमिनीपर्यंत. तोंडावर जाळी.

आधी त्यांना हसूच आलं. दिवेवाल्यानं आपल्यावरच डाव उलटवला की काय? पण दिवेवाल्याचं खोकणं बाहेर अंगणात ऐकू येत होतं. आणि झूल एकच होती. मामांनी आपल्या अंगावरचं कापड चिमटीत धरून उलटं केलं. आत फुलं होती.

"अहो, ऐकू येतंय का? चला तिकडे."

झूल जागची हलली नाही.

"बरं. नाही हलायचं तर नका हलू. मी इथेच टाचते. मग बाईंना काय सांगायचं ते तुम्ही सांगा." आणि मामी गुडघ्यांवर बसली.

उभं राहण्यातलं जगात कुणाला कळत असेल तर ते खांबमामांना. जिवंत माणूस कितीही गप्प उभा राहिला तरी त्याचं वजन या पायावरून त्या पायावर सरकतं. श्वासाबरोबर जाळी आत जाते, बाहेर येते. मामा बघत राहिले. ती जाळी हलत नव्हती. आणि मामी त्या झुलीच्या पायाशी बसून, एरवी बडबड्या नवऱ्याशी बोलावं तसं बोलत होती.

"आज बरे शहाण्यासारखे उभे आहात... अंगठा नाही, काही नाही... बरं वाटतंय ना तुम्हाला?"

त्याला काय पाहिजे? मामांनी स्वतःला विचारलं. आणि उत्तरं यायला लागली. ती जाळीमागची मान खाली वाकेल. ती झूल सैल होऊन मामीवर पडेल आणि उचलली तर आत कुणी नसेल, मामीही नसेल. जन्मभर दुसऱ्यांच्या डब्यांची झाकणं उघडली, आज स्वतःचा डबा उघडला. एवढा भरलेला असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ज्या बाईनं आपली सगळी सोंगं, सगळी खोटी मरणं हसून पचवली, ती उद्या नसेल तर आपण कुणासाठी सोंग काढायचं?

त्यांनी दार ढकललं. "अगं..." एवढंच निघालं. ते धावले. न टाचलेली किनार पायात येत होती, ती दोन्ही हातांनी वर धरून ते म्हाताऱ्या पायांनी खोलीच्या मध्याकडे धावले.

आणि त्यानं त्यांच्याकडे बघितलं.

अंग वळलं नाही. खांदा हलला नाही. फक्त तोंडावरची जाळी हळूच त्यांच्या दिशेला झाली आणि थांबली. बाकी काही केलं नाही त्यानं. बोलला नाही, हात उगारला नाही.

मामा जागच्या जागी खिळले. एक पाय उचललेला तसाच राहिला. पुढे हातभर अंतरावर फुली होती. ती ओलांडायची, एवढंच करायचं होतं, पण त्या बघण्यापुढे पाय खाली येईना...

वर कुठेतरी बोट मोडल्यासारखा आवाज झाला. मग छत खाली आलं.

खोलीच्या मधलंच. पाणी मुरून आतून कुजलेली तुळई, तिच्यावरचा गिलावा, कौलं, सगळं एका दमात फुलीवर. दिव्याचा चक्काचूर झाला. मामांच्या नाकासमोरून वारा गेला आणि मग नुसती पांढरी धूळ. वरच्या भगदाडातून दुपारचं ऊन आत पडलं, तेव्हा पलीकडच्या खिडकीपाशी मामी दिसली. गुडघ्यांवर बसलेली. केस गिलाव्यानं पांढरे, ओठांत एक टाचणी, आणि दोन्ही हातांच्या चिमट्या समोर धरलेल्या, जसं काही त्यांच्यात अजून कापड आहे.

समोर कुणी नव्हतं. मागे फक्त खिडकीचं काळं कापड.

लोक धावत आले. दिग्दर्शकबाई दारातच मटकन बसल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या. दिवेवाला खोकत एकच घोकत राहिला, "फुली मी मारली... मीच मारली तिथं..." मामांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "मारलीस ना? मग आम्ही कुठे तिच्यावर होतो? लेका, आमच्यासारखी कामचुकार माणसं मिळायला भाग्य लागतं." तो हसला.

ढिगारा उपसला. मामी टाचण्या सांडणाऱ्यातली नव्हे, आणि डबी अर्धी झाली होती. त्या लावलेल्या टाचण्या कुठे गेल्या म्हणून खिडकीखालची फरशी झाडून काढली. एकही मिळाली नाही.

सगळे बाहेर गेल्यावर मामा एकटेच आत आले. आभार मानायचे होते. माणूस बोलघेवडा, तेराव्याच्या घरातही लोकांना हसवून येणारा, पण इथे शब्द सुचेना. जो बोलतच नाही त्याला काय बोलून दाखवायचं? थँक्यू म्हणावं तर ते दुकानदाराला म्हटल्यासारखं. पाया पडावं तर पाय आहेत का, इथून प्रश्न. शेवटी ते शेवटच्या खिडकीपाशी गेले, झूल सारखी केली आणि समोर नुसते उभे राहिले. अंगठा नाचवला नाही. गुडघे दुखायला लागले तरी वजन बदललं नाही. आपण ज्याला गप्प बघून घाबरतो, त्याच्या मनात काहीतरी वाईटच असणार असं आपण कशावरून धरतो? तो बोलता, "थांब" म्हणता, तर आपण थांबलो असतो का? आपण कधी कुणाचं ऐकलंय? भ्यायलो म्हणून थांबलो. भीतीनं एवढं भलं केलेलं मामांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि जाळीच्या आत ते पुसताही येईना, म्हणून वाहू दिलं.

उन्हं कलल्यावर नवराबायको दवाखान्याच्या बाहेरच्या पायरीवर गाडीची वाट बघत बसले. मामी केसांतला चुना झटकत होती. मामांनी तिला सगळं सांगितलं. कोठीतला बेत, फटीतून दिसलेलं, जाळीचं वळणं. काही लपवलं नाही, आणि जन्मात पहिल्यांदा त्यात तिखटमीठही घातलं नाही.

मामी रागावली नाही. "म्हणजे मला घाबरवायला गेलात म्हणून जगलात," एवढंच म्हणाली.

"तुझ्यामुळं गं. तू तिथे बसलीस म्हणून मी फुलीवर नव्हतो, आणि तूही नव्हतीस." मामांनी घसा खाकरला. "पण तुला एवढा वेळ कळलंच नाही? तो मी नाही म्हणून?"

"कळलं की. पहिली टाचणी लावली तेव्हाच. कापड माझ्या हातचं नव्हतं."

"मग उठलीस का नाहीस? पळायचं सोडून टाचत काय बसलीस?"

"उठतच होते. त्यानं खांद्यावर हात ठेवला."

"हात? मी सगळा वेळ बघत होतो. त्यानं बोटसुद्धा हलवलं नाही."

मामीनं पदर खांद्यावरून नीट घेतला, पण डाव्या बाजूला जरा जपूनच, कुणाची झोप मोडू नये तसा.

"जड नाहीये हो," ती म्हणाली. "अजून काढलेला नाही त्यानं. तुम्ही ठेवलात का कधी एवढा वेळ?"