पाटावरचा श्रोता

वरवे बुद्रुकला जेवणं झाली, की सोनबानानांच्या ओट्यावर पोरं जमतात. त्या रात्री नानांनी विडी विझवली.

"भोरच्या उपेंद्रकाकांनी सवता सांगितल्याली. गेल्या डिसेंबरची पाच तारीख, शुक्रवार. दत्तजयंतीचा दुसरा दिस."

"खोटी असंल, नाना," शिवानी म्हणाली.

"मग झोप सुखानं. न्हाईतर आईक."

त्या संध्याकाळी उपेंद्रकाका वाचनालयातून बायकोसाठी एक जुनी भयकादंबरी घेऊन आले. सुहासिनीकाकूंचे सोमवार, चतुर्थ्या, सगळे उपास कडक. पण जुन्या भयकथा म्हणजे जीव की प्राण. सात दिवस पोथीचं पारायण चाललं होतं, दुसरं काही वाचायचं नव्हतं. वाचायची भूक नुसती साठली होती.

पावणेदहाला काकूंनी पोथीच्याच चौरंगावर कादंबरी उघडली. समोर रिकामा पाट तसाच. महाराज ऐकायला येतात, म्हणून पारायणात मांडतात तो.

"अगं, पाट तरी उचल."

"सकाळी उचलते. तुम्ही ऐकायला बसा, भित्रे कुठले!"

काकांना चेष्टा सुचली. दाराकडे बघत म्हणाले, "या हो, कुणाला ऐकायचं असेल त्यांनी बसा!"

दार हललं नाही. पाट तेवढा करकरला.

काकू हसत वाचू लागल्या. खुनाच्या प्रकरणात घसा सुकला, म्हणून जरा थांबल्या.

तोच त्यांचं डोकं चौरंगावर आपटलं. कुणीतरी आपटलं. ओठ फाटला. रक्त अक्षरांवर सांडलं.

"पुढं," आवाज आला. पाटावरून.

काकांनी पुस्तक ओढलं. त्यांचं मनगट पिळलं गेलं, धुणं पिळावं तसं. हाड मोडलेलं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"पुढं."

काकू वाचत राहिल्या. अडखळल्या की फटका. खांदा. बरगडी. पुन्हा तोच खांदा. काका सरपटत दाराशी गेले. कडी निघेना. बारा वाजले... एक...

आणि पानं संपली. गोष्ट नाही. शेवटची पानं कुणीतरी फाडून नेलेली.

"पुढं..."

काकूंचा गळा आवळला. डोळे पांढरे झाले.

"सुहास!" काका ओरडले. "मनानं सांग! काहीही सांग!"

पकड ढिली झाली. ऐकण्यापुरती.

काकूंनी रक्त गिळलं. "त्या मेलेल्याला... कुणीतरी पाणी दिलं. त्याच्या नावानं दिवा लावला... म्हणाले, झालं तुझं, बाबा. जा आता. आणि तो... गेला."

...

काही नाही.

...

काकूंनी चौरंगावरची खडीसाखरेची वाटी पाटावर सरकवली. "संपली हो पोथी. प्रसाद घ्या."

पहाटे कडी निघाली. शेजाऱ्यांनी दोघांना दवाखान्यात नेलं. देवाची कृपा, काकू वाचल्या.

नानांनी नवी विडी पेटवली. ओट्यावर कुणी हलेना.

"आन् वाटी?" शिवानीनं हळूच विचारलं.

"खडीसाखर संपल्याली. वाटीत दाढ व्हती. माणसाची. मुळासकट."

"काकूंची?"

"डाक्टरनं दोघांचे दात मोजले, पोरी... सगळे जाग्यावर."