पिठाचं खळं

नालवाडीच्या अच्युतला धुळीचं भारी वेड. वर्ध्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा आणि सुट्टी मिळाली की सिंदीच्या कापसाच्या जिनांतली रुईची धूळ डबीत भरून आणायचा. घरातली एक खोली त्यानं अंधारी करून घेतली होती. खिडकीच्या फळीला बारीक भोक, त्यातून उन्हाची तिरीप, तिरिपेत काच. काचेवर चिमूटभर धूळ भुरभुरली की समोरच्या भिंतीवर चंद्राला पडतं तसं खळं पडे. कण बारीक तर खळं मोठं, जाड तर लहान. कण लहानमोठे, वेडेवाकडे असले तर नुसता धुरकट डाग. बायको शरयू हसायची, "घरातली धूळ तेवढी झाडायची राहिली."

सत्तावन्न सालच्या माघात शरयू गेली. छातीच्या दुखण्यानं, ऐन तिशीत.

हिंगणीहून आलेल्या सासूबाईंनी, कौशल्याबाईंनी, रिवाजाप्रमाणे ती गेली त्या जागी जात्यावरचं पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर टोपली झाकली. सकाळी पिठावर पाऊल उमटलेलं दिसावं, मुंगीचं का होईना. म्हणजे जीव पुढच्या वाटेला लागला. टोपली उचलली तर पीठ जसंच्या तसं. म्हातारीनं अन्न सोडलं.

"माही पोरगी अडकली, जावईबापू. तुमचा उजेड लय बारीक पाह्यते म्हनता. मंग हे काऊन नाई पाह्यत?"

अच्युतचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण म्हातारी डोळ्यांदेखत खंगत चालली होती. काहीतरी दाखवून 'गेली' म्हणायचं आणि तिला चार घास खायला लावायचे, असं ठरवून त्यानं तिला अंधाऱ्या खोलीत आणून बसवलं आणि टोपलीखालचं चिमूटभर पीठ काचेवर टाकलं. जात्यावरचं पीठ, डागच पडणार.

खळं पडलं. कंपासानं काढावं तसं रेखीव.

त्यानं काच पुसली. स्वयंपाकघरातल्या डब्यातलं पीठ लावून पाहिलं. डाग. पुन्हा टोपलीखालचं लावलं. खळं. म्हणजे कण न् कण सारखा, वाटोळा. असं पीठ कुठल्याच जात्यातून पडत नाही.

मग खळं वाढू लागलं.

भिंतभर झालं, आढ्याला टेकलं, दोघांच्या अंगावरून सरकलं. सगळे कण एकाच वेळी बारीक, आणखी बारीक होत होते. काय देखणं होतं ते! अच्युतचे हात आपोआप जोडले गेले.

खळं विरलं. काचेवर काहीच उरलं नव्हतं.

"गेली का जी?"

"गेली, आई." त्याला खोटं बोलावं लागलं नाही, याचाच त्याला आनंद झाला.

संध्याकाळी कौशल्याबाई स्वयंपाकघरात पोटभर जेवत होत्या. अच्युतनं कंदील लावला. ज्योतीभोवती खळं होतं, तसंच रेखीव. चूल केव्हाच विझली होती, धूर नव्हता. कण घरातल्या हवेतच होते.

"तुमी काऊन उभे? बसा ना, जेवून घ्या."

अच्युतनं कंदील खाली ठेवला. तो त्यांच्याशेजारी बसला आणि त्यानं छाती भरून श्वास घेतला.

कंदिलाभोवतीचं खळं किंचित फिकं झालं.