सातवा खण

"काय म्हणालीस?" काका ओरडले.

"म्हटलं, खिडकी लावा!" स्टिअरिंग सांभाळत काकू त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडली.

"लावलेलीच आहे!"

"मग हा एवढा आवाज येतोय कुठून?"

रस्त्यात एक खड्डा आला. खड्डा कसला, खळगीच ती! पण मागच्या कपाटातल्या झाडून साऱ्या ताटल्या उडाल्या, आणि त्यांच्याबरोबर पिटुकलीही उडाली. तिचं डोकं वरच्या फळीवर आपटलं.

"आई गं! ही गाडी आहे की चाळणी?" ती डोकं चोळत म्हणाली. "मला कुणीतरी चाळतंय!"

पिटुकली म्हणजे काका-काकूंची नऊ वर्षांची लेक. तिच्या शेजारी बाक घट्ट धरून बसलेली दोघं तिची चुलत भावंडं, दर सुट्टीत न चुकता इथं टपकणारी. ताई चौदा वर्षांची, हातात कायम वही-पेन. तिच्या बारा वर्षांच्या भावाला सगळे कॅप्टन म्हणायचे, कारण मैदानात असो की जेवायच्या टेबलावर, हुकूम तोच सोडायचा.

काकांनी एक जुनी मालवाहू व्हॅन घेतली होती आणि सुट्टीचे पहिले दहा दिवस खपून तिचं फिरतं घर केलं होतं. झोपायला बाक, स्वयंपाकाचा ओटा, कपाटं, सगळं सगळं! परवा सकाळी निघायचं, आठ दिवस समुद्राकाठी राहायचं. आजची ही पहिली चाचणी, आणि चाचणीत गाडी साफ नापास!

घरी आल्यावर काकू कमरेवर हात ठेवून हळूहळू खाली उतरली. "माझ्या पाठीचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेत. या खटाऱ्यातून आठ दिवस? तुम्ही जा. मी नाही येत!"

आता आली का पंचाईत! काकूशिवाय गाडी चालवणार कोण? काकांना तर गॅरेजचं दारही एका फटक्यात पार करता येत नसे.

"हे सगळं त्या म्हाताऱ्या सुताराचं काम!" काका कडाडले. "बोलवा त्यांना!"

सुतारआजोबा दोन घरं सोडून राहायचे. व्हॅनच्या आतल्या भिंती, बाक, कपाटं, सगळी त्यांच्या हातची. ते आले, गॅरेजच्या दारात उभे राहिले आणि काकांचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी मान जराशी वळवली.

"खडखड, घूंघूं, हादरे!" काकांनी तोंडाचा पट्टाच सोडला. "बोललेलं ऐकू येत नाही आत! चाळीस वर्षं काम केलंत म्हणता, आणि हे असं?"

आजोबांनी व्हॅनच्या भिंतीवरून हात फिरवला. "कपाटं घट्ट बसवलीत मी. भिंतीतल्या आठही खणांत लोकर भरलीय. प्रत्येक खण वाजवूनही बघितला." मग ते कॅप्टनकडे वळले. "बघितला होता ना रे आपण?"

"हो," कॅप्टन म्हणाला. त्यानं नजर मात्र पायातल्या बुटांवरून वर केली नाही.

त्याचं असं झालं होतं. व्हॅनचा बाहेरचा पत्रा आणि आतली फळी यांच्यामध्ये पोकळी असते. चाकांचा आवाज तिथून आत येऊ नये म्हणून आजोबा तिचे आठ खण करून प्रत्येकात जुन्या घोंगड्यांची लोकर दाबून भरायचे. मग फळी लावून बोटाच्या पेरानं ठोकायचे. भरलेला खण "ढप" वाजतो, रिकामा "ढण". पण त्या दिवशी कॅप्टनला जवळ बोलावून ते हळूच म्हणाले होते, "माझा डावा कान हल्ली काही कामाचा राहिला नाही आणि उजवाही कधीकधी दगा देतो. कुणाला सांगू नकोस हं. लोकर तू भर, ठोकतो मी, ऐकायचं तू. आजपासून तू माझा कान!"

सहा खण कॅप्टननं अगदी मन लावून भरले. सातव्याची पाळी आली आणि मैदानातून हाका सुरू झाल्या. गोलकीपरवाचून सामना अडला होता! कॅप्टननं सातव्या खणाच्या लोकरीचं पोतं गॅरेजच्या कोपऱ्यात सरकवलं, आजोबांची पाठ असतानाच रिकाम्या खणावर फळी टेकवली आणि तो म्हणाला, "झालं, आजोबा!" आजोबांनी फळी पक्की करून ठोकली. "कसं वाजतंय?"

"ढप!" असं सांगून तो पळाला. आठवा खण दुसऱ्या दिवशी भरला, तेव्हा सातव्याची त्याला आठवणही झाली नाही.

आता आठवण झाली होती. आजोबा खाली वाकून लाकूड आवळून धरायचे आपले चार शिकंजे गोळा करत होते.

"कानच गेले तर कसलं काम करायचं?" ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग काकांना म्हणाले, "चूक माझीच असणार. उद्या सकाळी पेटी घेऊन जातो. पलीकडच्या शाळेतल्या मुलांना देऊन टाकेन हत्यारं, तेवढीच शिकतील. मी आता हे काम थांबवतो."

काकांना इतकं नको होतं. पण शब्द मागे घेणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. आजोबा गेले, आणि पेटी व्हॅनशेजारी तशीच राहिली.

"मला नाही पटत," ताई वही उघडत म्हणाली. "आजोबांचं एक कपाट बघा. बोटभर फट नाही कुठे! हादरे दुसऱ्याच कशानं तरी बसतायत. आपण शोधून काढू. कॅप्टन, बोल काहीतरी! एरवी तर थांबत नाहीस."

"शोधू की," कॅप्टन पुटपुटला.

पिटुकली कोपऱ्यातल्या पोत्यावर पाय हलवत बसली होती. "हे पोतं कसलं मऊ आहे! गाडीतले बाक असे हवेत," ती म्हणाली. कॅप्टननं तिकडे बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला पहिला धागा सापडला. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. कोणत्या चाकात किती हवा भरायची, ते त्यावर लिहिलं होतं. "आता चाकांतली हवा मोजायला हवी," ताई कुजबुजली. "पण काकांना सांगितलं तर म्हणतील, तुम्हाला काय कळतंय!"

"बाबांना विचारायचं नसतं. त्यांना शिकवायला सांगायचं असतं!" पिटुकली डोळे मिचकावत म्हणाली आणि पळत घरात गेली.

दोन मिनिटांत काका हवा मोजायचं यंत्र घेऊन ऐटीत हजर! "हे बघ बाळा, हे असं लावायचं. ऐंशी! बघितलंस? चारही चाकांत ऐंशी. मी स्वतः उभं राहून भरून घेतलीय."

"बाबा, किती हुशार हो तुम्ही! आणि इथे दारावर काय लिहिलंय? अक्षर फार बारीक आहे, मला लागत नाही."

"त्यात काय! पुढे पंचेचाळीस, मागे पंचा..." काका थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. "पंचावन्न."

"पण काका, ऐंशीचा आकडा तुम्हाला कुठे मिळाला?" ताईनं अगदी साळसूदपणे विचारलं.

"टायरवरच छापलाय की!"

"तो टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा आकडा आहे, काका. एवढी हवा भरली तर चाक दगड होतं. रस्त्यावरची प्रत्येक खडी थेट काकूच्या पाठीला!"

काकांचे कान लालबुंद झाले. ते खाली बसले आणि चारही चाकांतली जादा हवा फुस्स फुस्स करून सोडू लागले.

मग काकूला कसंबसं मनवून दुसरी चाचणी. आणि काय सांगायचं! व्हॅन त्याच खळगीवरून गेली, पण ताटल्या जागच्या हलल्या नाहीत. "अहो, माझी पाठ गप्प बसलीय!" काकू हसत ओरडली.

ओरडावं मात्र लागलं. हादरे गेले, पण ती मोठी घूंघूं तशीच होती.

ताईनं बागेतल्या पाण्याच्या नळीचा हातभर तुकडा आणला होता. एक टोक कानाला, दुसरं भिंतीला! ती एकेक खण ऐकत वहीत खुणा करत गेली. एक, दोन, तीन... सगळे जवळजवळ मुके. सातव्याला मात्र ती दचकली.

"इथंच! बरोबर मागच्या चाकावर. कॅप्टन, तू ऐक!"

कॅप्टननं नळी कानाला लावली. घूंऽऽऽऽ! सातवा खण त्याच्या कानात नुसता गर्जत होता.

"मला तर सगळीकडे सारखाच वाटतोय," तो म्हणाला.

ताईनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्यानं मान खाली घातली. कालचं एक खोटं कमी पडलं होतं म्हणून आज दुसरं! त्याला स्वतःचा इतका राग आला, इतकी लाज वाटली, की त्यानं नळी ताईच्या हातात कोंबली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

गॅरेजमध्ये सुतारआजोबा येऊन उभे होते. पेटी त्यांच्या हातात होती.

"आजोबा, हादऱ्यांचा दोष तुमचा नव्हता!" पिटुकलीनं उतरल्या उतरल्या जाहीर केलं. "बाबांनी चाकांचे दगड केले होते!"

काका खाकरले. "हो. ते माझंच चुकलं. पोरांनी शोधून काढलं बरं का! शाब्बास रे कॅप्टन, तुझी टोळी भारीच!" त्यांनी कॅप्टनच्या पाठीवर थाप मारली. "पण आजोबा, आवाज अजून आहे. सातव्या खणातून येतोय म्हणते ही. तेवढं मात्र तुमच्या वयामुळे..."

"राहिलं असेल," आजोबा म्हणाले. "माफ करा."

आजोबा माफी मागत होते! कॅप्टनच्या पाठीवर थाप बसली होती आणि माफी मागत होते आजोबा. कॅप्टनला ते सोसवेना.

"खण रिकामा आहे!" तो एकदम ओरडला. सगळे वळले. "मी भरलाच नाही. मला खेळायला जायचं होतं. आजोबांनी विचारलं तेव्हा मी झालं म्हणालो. ते 'ढण' वाजलं होतं, आणि मी 'ढप' सांगितलं! ते पोतं... ते तिकडे कोपऱ्यात आहे. कालही मला माहीत होतं."

पिटुकली कोपऱ्यातल्या पोत्याकडे बघतच राहिली. काकू काही बोलणार होती, पण ताईनं तिचा हात धरला. काकांना आपले कालचे शब्द आठवले असावेत. ते चाकाकडे बघत उभे राहिले.

आजोबांनी पेटी खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे ढण वाजलं होतं?"

"हो."

"मलाही ढणच वाटलं होतं रे. मी म्हटलं, पोरगं ढप म्हणतंय, म्हणजे माझाच कान गेला."

ते रागावले असते तर बरं झालं असतं! कॅप्टनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ते लपवायला त्याला जागा नव्हती.

आजोबांनी पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढून त्याच्यापुढे धरला. "उघड."

कॅप्टननं आठ स्क्रू काढले. पोतं ओढत आणलं. मूठ मूठ लोकर घेऊन कोपऱ्यांत, कडांना, चाकाच्या कमानीवर दाबून भरली. कुणी मदतीला आलं तर त्यानं मानेनंच नको म्हटलं. पोतं रिकामं झालं.

"झालं?" आजोबांनी विचारलं.

कॅप्टनच्या तोंडून तो शब्द निघेना. "तुम्ही हात घालून बघा ना, आजोबा."

आजोबांनी हात घातला नाही. त्यांनी फळी उचलली, जागेवर धरली आणि पेरानं ठोकली. "कसं वाजतंय?"

कॅप्टननं कान फळीला टेकवला. "अजून एकदा ठोका." आजोबांनी ठोकलं. "ढप. पण वरच्या कोपऱ्यात थोडं ढण आहे."

फळी परत निघाली. काकांनी न सांगता आपल्या शालीचा जुना तुकडा आणून दिला. तो कोपऱ्यात गेला, तेव्हा कुठे सातवा खण खालपासून वरपर्यंत "ढप" वाजला.

तिसऱ्या चाचणीला आजोबा स्वतः सातव्या खणाला टेकून बसले. काकूनं गाडी मोठ्या रस्त्याला घेतली. पिटुकली मागच्या बाकावरून हळूच म्हणाली, "आई, उद्याच जायचंय ना समुद्रावर?"

"उद्याच गं राणी!" काकू पुढून म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण ओरडलो नाही.

परतल्यावर काका आजोबांसमोर हात जोडून उभे राहिले. "कालचं माझं बोलणं विसरा. असं काम मी पाहिलं नाही. आणि ताई, पिटुकली, तुम्ही दोघींनी कमाल केलीत!" मग ते कॅप्टनकडे वळून जरा अडखळले. "तूही... खरं बोललास. ते सोपं नव्हतं."

कॅप्टननं आजोबांची पेटी उचलली. चांगलीच जड होती. "कुठे नेऊ?" त्यानं विचारलं. "शाळेत?"

"घरी," आजोबा म्हणाले. "खिडकीखाली, नेहमीच्या जागेवर."

दोघं निघाले. कॅप्टन त्यांच्या डावीकडून चालत होता. तो काहीतरी पुटपुटला, पण ते आजोबांपर्यंत पोचलं नाही. आजोबा थांबले. त्याच्या मागून वळसा घालून पलीकडच्या बाजूला आले, म्हणजे त्यांचा उजवा कान कॅप्टनकडे झाला.

"हं, आता बोल," ते म्हणाले. "ऐकतोय मी."